तूर्त काढलेली बातमी

मकबूलने खिशातून मोबाईल काढला, सदऱ्याच्या टोकाने त्याची काच पुसली आणि तो रेणुकादासांच्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"बघा साहेब. बाकी समदं खुलतंय. गाणी खुलत्यात, बाजारभाव खुलतोय. तुमची तेवढी बातमी खुलत न्हाई."

रेणुकादासांनी चष्मा चढवला. वर त्यांच्याच पोर्टलचं नाव होतं, 'मांजराकाठ', आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आपण शोधत असलेलं पान उपलब्ध नाही.

"देगलूरला दुकानात दिला हुता दोन दिवस," मकबूल सांगत होता. "दुकानदार म्हणला, चाचा, फोन भरून गेलाय. त्यानं आतलं समदं पुसून दिलं. तरी खुलंना. मग म्हणलं, लातूरलाच जाऊन विचारावं. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो."

"कुठली बातमी?" रेणुकादासांनी विचारलं. त्यांना कळलं होतं, तरी विचारलं.

"जेबाची. मी तिचा अब्बा. गाद्या भरतो देगलूरला."

पलीकडच्या टेबलावर देविकाची बोटं कीबोर्डवरच थांबली. देविका ही रेणुकादासांच्या धाकट्या भावाची मुलगी. पोर्टल नावाला त्यांचं असलं तरी बातम्या आणणं, लिहिणं, चढवणं हे सगळं ती करायची आणि जेबाची बातमीही तिचीच होती. तिने काकांकडे पाहिलं. काकांनी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता.

खरं म्हणजे त्यांनी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण माणूस एकदा संपादक झाला की एका वाक्यात बोलायची सवय त्याला राहत नाही.

"सर्व्हरचा प्रॉब्लेम झाला होता," ते म्हणाले. "आमच्याच बाजूने. बऱ्याच जुन्या बातम्या गेल्या त्यात."

"म्हंजे माझा फोन ठीक हाय?"

"ठीक आहे."

मकबूल खुर्चीत मागे टेकला. मग हळूच म्हणाला, "उगाच पुसला मग. जेबाचे फोटो बी गेले त्यात."

बातमी तीन आठवड्यांपूर्वीची होती. लातूरच्या क्लासेसच्या भागात गल्लीगल्लीत होस्टेलं आहेत. एकेका खोलीत चार-चार पोरी, चार-चार टेबलं, आणि भिंतीवर परीक्षेला उरलेल्या दिवसांचे आकडे. जेबा तिथलीच, डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारी. साडेपाचला पाणी यायचं म्हणून पहाटे ती मोटार लावायला गच्चीवर गेली. मोटारीची वायर उघडी होती, फरशी ओली होती. खोलीतल्या मैत्रिणी वर जाईपर्यंत सगळं संपलं होतं. देविका त्या दिवशी दुपारी होस्टेलवर गेली, पोरींशी बोलली, आणि एक गोष्ट घेऊन आली जी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. त्या वायरीबद्दल मुलींनी होस्टेलला दोनदा लेखी अर्ज दिला होता, आणि दोन्ही अर्जांवर पहिली सही जेबाची होती.

बातमी चढली, गावभर फिरली, आणि चौथ्या दिवशी अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे त्या भागातले तीन टर्मचे नगरसेवक. होस्टेल त्यांच्या मेहुण्याचं. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती. अण्णांनी ना आवाज चढवला, ना बातमीचं नाव काढलं. म्हणाले, "रेणुकादास, वहिनी बऱ्या आहेत ना? दम लागत नाही ना आता?"

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बायकोचा, सौदामिनीबाईंचा, ऑक्सिजन उतरत चालला होता आणि अख्ख्या लातुरात बेड नव्हता. तेव्हा अण्णा स्वतः दवाखान्यात जाऊन उभे राहिले होते. बेड मिळाला. सौदामिनीबाई घरी आल्या. अण्णांनी या गोष्टीचा उल्लेख पुन्हा कधीही केला नाही, दिलदार माणूस. ते फक्त मधून मधून तब्येत विचारत.

फोन ठेवून रेणुकादास देविकाला म्हणाले होते, "ती बातमी तूर्त काढून ठेव."

"तूर्त म्हणजे किती दिवस, काका?"

"तूर्त म्हणजे तूर्त."

नंतर दोनच दिवसांत एक फोटो फिरायला लागला. कुठल्याशा चॅनेलचा वाटावा अशी लाल पट्टी, जेबाचा ओळखपत्रावरचा चेहरा, आणि खाली एवढंच की पहाटे गच्चीवर कुणाला भेटायला गेली होती? आरोप नाही, नाव नाही, नुसता प्रश्न. प्रश्नाला काय लागतं!

तोच फोटो देगलूरला पोचला होता.

"वहिदाला मराठी वाचता येत न्हाई," मकबूल सांगत होता. वहिदा त्याची बायको. "पहिल्या दिवशी मी तिला तुमची बातमी वाचून दाखवली. लई रडली. पर धीर बी आला तिला. म्हणली, माझी पोरगी पाण्यासाठी गेली. चारजणींसाठी भांडत हुती माझी पोरगी. मग ह्यो फोटो आला. तिच्या सख्ख्या भावानं पाठवला उदगीरहून. ती म्हणली, बातमी परत वाचा. उघडाया गेलो तर खुलंना. मग तोंडानंच सांगितली. रोज सांगून राहिलो साहेब. एक दिवस म्हणलो दोन अर्ज दिले हुते, एक दिवस तोंडातून तीन निघालं. तिनं तिथंच धरलं. म्हणली, तुमी मनानं सांगून राहिले."

नखात अडकलेला कापूस त्याने अंगठ्याने काढला.

"आता काय विचारत बी न्हाई. गप बसती. पर कळतं ना माणसाला. आईच्या मनातून पोरगी उतराया लागली साहेब. मेलेली पोरगी. तिनं आता सांगावं तरी कुठून?"

देविका उठली. "चाचा, मी प्रिंट काढून देते. माझ्याकडे सगळी बातमी आहे."

"न्हाई बाई, कागद नको. फोटो बी नको काढून देऊ." मकबूलने हात हलवला. "चूक माझीच हाय. तो लाल पट्टीचा फोटो आला तवा मीच वहिदाला सांगितलं, की असले फोटो, असले कागद कुणीबी बनवतंय, त्याच्यावर भरोसा ठेवायचा न्हाई. ज्याची लिंक खुलती ते खरं. आता तिला तुमचा कागद दाखवला तर ती माझंच बोलणं माझ्या तोंडावर मारंल. तिला सोत्ताच्या बोटानं उघडायचीय."

"शेजारी कुणाच्या फोनवर..."

"शेजाऱ्याकडं जायची सोय कुठं ऱ्हायली बाई? त्यांच्याच फोनवर तर ह्यो फोटो हाय."

मकबूलने रेणुकादासांकडे सरळ पाहिलं.

"बातमीवर संपादक म्हणून तुमचं नाव बघूनच मी वहिदाला म्हणलो हुतो, हे साहेब खोटं लिहिणार न्हाईत. तुमास्नी आठवत नसंल. भूकंपाच्या टायमाला माझा बाप गाड्यात गाद्या घालून किल्लारीकडच्या छावणीत आला हुता. मी संगं हुतो, सतरा वर्षांचा. तंबूत बसून तुमी मेलेल्यांची नावं लिहीत हुता पेपरासाठी. लिहायच्या आधी नाव मोठ्यानं म्हणायचे, बापाचं नाव, गावाचं नाव. घरचा माणूस हां म्हणला तरच लिहायचे. एक बाई हां म्हणंना. तुमी तासभर बसून राहिले तिच्याजवळ, पर लिहिलं न्हाई."

ही गोष्ट रेणुकादास दरवर्षी पत्रकार दिनाच्या कार्यक्रमात सांगत, आणि दरवर्षी तिच्यात थोडी भर पडे. त्या बाईची गोष्ट मात्र ते कधी सांगत नसत, कारण ती ते विसरून गेले होते. आता एकदम तिचं मातीने माखलेलं कपाळ त्यांना दिसलं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर वर बघवेना.

"देविका," ते म्हणाले, "ती बातमी चढव परत."

देविकाने ती चढवली. तिला वेळ लागलाच नाही. काढायलाही लागला नव्हता.

मकबूलने मोबाईल उचलून बोट लावलं, आणि पान उघडलं. तो वाचायला लागला. ओठ हलत होते. जेबाच्या नावापाशी आला तेव्हा त्याने पडद्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिला. मग पुढे गेला. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर तो पुटपुटला, "दोनच. दोनच अर्ज हायत. बरोबर."

दाराशी जाऊन तो वळला. "आता न्हाई ना जाणार साहेब?"

"नाही जाणार."

"मी घरी पोचेस्तवर तरी?"

"अहो, कायमची आहे ती आता," रेणुकादास म्हणाले, आणि म्हणताना त्यांना अगदी मनापासून तसं वाटत होतं.

एकच्या गाडीने तो गेला. पाचपर्यंत देगलूर. रेणुकादासांनी त्या दिवशी डबा चवीने खाल्ला. देविकाला त्या छावणीतल्या बाईची गोष्ट सांगितली, आता जशी आठवली तशी. देविकाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, अण्णांना काय सांगणार?"

"बघू की."

अडीचला फोन आला.

"जेवण झालं का रेणुकादास?" अण्णांचा आवाज नेहमीसारखाच मऊ. "वहिनी बऱ्या आहेत ना? बरं, ती मागची बातमी परत दिसायला लागली म्हणे. पोरं सांगत होती. मी म्हटलं, अरे, रेणुकादास असं करायचे नाहीत, सर्व्हरचं काहीतरी झालं असेल. आजकाल होतं असं."

रेणुकादासांनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. देविकाने ते पाहिलं. तिला पुढे कितीतरी दिवस ते उघडं तोंड आठवत राहिलं.

"हो, सर्व्हरचंच," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत बघतो अण्णा."

"बघा, बघा. सातला गंजगोलाईत सभा आहे आपली. या तुम्ही."

फोन ठेवल्यावर देविकाने न विचारताच ते तिला म्हणाले, "संध्याकाळ म्हटलंय मी. तो पाचला पोचतोय. एकदा त्याच्या बायकोने बघितलं की झालं. तिच्यासाठीच तर चढवली."

"कायमची म्हणाला होतात, काका."

"तुला कळत नाही त्यातलं," ते म्हणाले. देविकाला सगळं कळत होतं.

साडेचार झाले. रेणुकादास स्वतःचंच पोर्टल उघडून बसले. जेबाची बातमी जागेवर होती. तिच्या वर नवी बातमी येऊन बसली होती. उदगीरचा वार्ताहर मलप्पा देगलूरच्या रस्त्यावरून थेट व्हिडिओ दाखवत होता. सोयाबीनच्या भावासाठी रास्ता रोको, वाहतूक दीड तासापासून ठप्प. मलप्पा मोठ्या उत्साहात माईक नाचवत होता, आणि त्याच्या मागे लाल एसटी गाड्यांची लांबच लांब रांग. रेणुकादास डोळे बारीक करून त्या गाड्यांच्या खिडक्या बघत राहिले.

त्यांनी मकबूलला फोन लावला.

"साहेब, रस्ता बंद हाय," मकबूल म्हणाला. मागे घोषणा चालल्या होत्या. "पर चिंता न्हाई. सुटंल म्हणत्यात थोड्या वेळात. सात वाजतील घरी जायाला. बातमी खुलून हाय, मी दर दहा मिनटाला बघून राहिलो. शेजारी बसल्या त्या पावण्याला बी दाखवली. ऱ्हाईल ना साहेब?"

"राहील म्हटलं ना."

"हाव. तुमी म्हणले म्हंजे झालं."

सहाला पुन्हा फोन वाजला तेव्हा रेणुकादासांना वाटलं, अण्णाच. त्यांनी मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं. देविका सुट्टीवर आहे, पासवर्ड मिळत नाही, एक तास द्या. पण फोन घरून होता.

"अहो," सौदामिनीबाई म्हणाल्या, "अण्णांचा फोन आला होता आत्ता. माझी तब्येत विचारत होते. औषध वेळेवर घेते का, चालायला जाते का. किती आपुलकीने विचारलं हो! पाच मिनिटं बोलत होते. मग म्हणाले, रेणुकादासांना म्हणावं, आठवण आहे ना. कसली आठवण? काही झालंय का?"

"काही नाही," रेणुकादास म्हणाले. "सभेचं असेल."

"मग जा बाई सभेला. आपल्यासाठी केलंय त्यांनी."

देविकाने पर्स खांद्याला अडकवली होती. काकांचा चेहरा बघून ती दारात थांबली.

"एक तास, काका. एकच तास. तो अजून घरी पोचला नाही, तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे."

"मी नाही काढणार."

"मी कुठे तुला सांगतोय?"

मग तिने टेबलावरच्या वहीत पासवर्डचं पान उघडून ठेवलं, कारण ते उघडं नाही ठेवलं तर काका रात्रभर तिलाच फोन करत बसतील हे तिला ठाऊक होतं, आणि गेली. जिन्यात तिचा पाय जोरात वाजत होता.

रेणुकादासांनी एका बोटाने एकेक अक्षर दाबलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा आत शिरले. 'ही बातमी काढायची आहे का?' असं यंत्राने विचारलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, सहा वाजून चाळीस. रस्ता लवकर सुटला असेल, ते स्वतःशी म्हणाले. पोचलाही असेल. मकबूलला एक फोन केला असता तर कळलं असतं. त्यांनी फोन केला नाही. तूर्त, ते म्हणाले, आणि बोट दाबलं.

सभेला ते गेले नाहीत. घरीही गेले नाहीत. दिवा न लावता तिथेच बसून राहिले, आणि सव्वासातला मोबाईल उजळला.

"साहेब," मकबूल धापा टाकत होता, "पुन्यांदा तुमचं ते सर्व्हर गेलं का? माझ्याकडं उघडीच हुती. तशीच वहिदापुढं धरली. तिला वाटलं, ह्यो बी फोटोच हाय. म्हणली, बंद करा, मी उघडती. बंद केली. तिनं बोट लावलं, तर न्हाई म्हणतंय. जरा बघता का साहेब? ती समोरच बसून हाय."

"मकबूलभाई..."

"थांबा, ती मागून राहिली फोन. घे, साहेबच हायत."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग एका बाईचा आवाज आला. शांत, जपून मराठी बोलणारा.

"भाईजान, मी जेबाची अम्मी. एक विचारू?"

"विचारा ना."

"यांनी जे सांगितलं, अर्जाचं, पाण्याचं, ते तुमच्या पेपरात खरंच हुतं?"

"होतं. खरं होतं सगळं. शब्द न् शब्द खरा होता, बाई."

"मग काढलं कुणी?"

एका वाक्याचा प्रसंग पुन्हा आला होता, आणि तेवढंच वाक्य रेणुकादासांना फुटेना.

"मी," ते शेवटी म्हणाले.



"हे म्हणत्यात, तुमी लई सच्चे आदमी. मेलेल्या माणसाचं नाव बी विचारल्याबिगर लिहीत न्हाई म्हणे." वहिदा म्हणाली. "सच्चा आदमी खरी बात कशाला काढंल? तुमाला मागून कळलं असंल काही पोरीचं. म्हणून काढली असंल. यांना सांगवलं न्हाई तुमच्यानं."

"नाही, नाही बाई, तसं नाही, ऐका..."

"असू द्या भाईजान. तुमचा कसूर न्हाई. मी आई हाय. मलाच कळाया पाहिजे हुतं."

फोन बंद झाला नव्हता. तिने तो नुसता कानापासून दूर केला होता. रेणुकादास ओरडून काही सांगत होते, तिकडे कुणी ऐकत नव्हतं. मकबूलचा आवाज त्यांना ऐकू आला, आशेने भरलेला.

"क्या बोले साहेब? खुलेगी?"

"हां," वहिदा म्हणाली. "कल खुलेगी, बोले. तुम हात-मुंह धो लो. सुबह से भूके हो."